दुपार नसलेली सुट्टी

मे महिन्यात पाहुणे आले की मालवणात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘इथे बघण्यासारखं काय काय आहे?’ प्रश्न साधा आहे, आणि आजवर मी त्याचे उत्तर यजमानाच्या अभिमानाने देत आले. परंतु त्यातला ‘बघण्यासारखं’ हा शब्द अलीकडे मला अस्वस्थ करतो. तो का, हे सांगायचे तर आधी एका फसलेल्या दिवसाची हकिगत सांगावी लागेल. अशा दिवसाची हकिगत प्रत्येक घरात एक तरी असते. म्हणूनच ती सांगायला संकोच वाटत नाही.

२०२४ च्या मे महिन्यातला दुसरा रविवार. पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि दोन शाळकरी मुले आली होती. यादी तयारच होती. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, मग राजकोटचा पुतळा, मग तारकर्ली, देवबागचा संगम, जमल्यास पाण्याखालचे मासे, आणि शेवटी सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम असल्याने हे सारे एकाच दिवसात बसवायचे होते. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना ‘घरात एकट्या बसून काय करणार’ म्हणून बरोबर घेतले. निघायचे ठरले होते आठ वाजता. आंघोळी, नाश्ता, डबे, विसरलेली टोपी आणि परत येऊन घेतलेली पाण्याची बाटली असे करत जेटीवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. समोर होडीसाठीची रांग होती आणि रांगेवर सावली नव्हती.

सासूबाई होडीत चढल्याच नाहीत. ओल्या पदराचे टोक डोक्यावर घेऊन त्या जेटीजवळच्या एका पायरीवर बसून राहिल्या. आम्ही पलीकडे गेलो. किल्ल्यासाठी होडीवाल्याने तासभर दिला होता. त्यातला बराचसा वेळ तटाच्या सावलीचा एखादा पट्टा शोधण्यात गेला. शिवराजेश्वराच्या मंदिरापाशी पुन्हा रांग. छत्रपतींच्या हातापायाचे ठसे पाहायचे तर तटावर चढायचे. धाकट्या भाच्याने तिथेच बैठक मारली आणि ‘मामी, आपण घरी कधी जायचं?’ म्हणून रडू लागला. परत आलो तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला होता. स्वच्छतागृह शोधत त्या दोनदा उठल्या होत्या आणि रांग पाहून दोनदा परत येऊन बसल्या होत्या. नंतर पाणी पिणेच त्यांनी थांबवले होते. जेवायला तीन वाजले. जेवताना नणंद आणि तिचे यजमान यांच्यात ‘हा बेत कुणाचा होता’ यावरून शब्दाला शब्द लागला. सूर्यास्ताच्या वेळी आम्ही घरी होतो आणि सासूबाईंना साखर-मिठाचे पाणी पाजत होतो. नणंद म्हणाली, ‘ऊन आणि गर्दी, वहिनी. दोघांनी मिळून दिवसाचा पार विचका केला.’ सासूबाई पडल्या पडल्या एवढेच म्हणाल्या, ‘भर दुपारचा दर्यार कोण जाता गो?’

त्या दिवसाचे दोन निकाल माझ्यापुढे होते. नणंदेने दोष उन्हाला आणि गर्दीला दिला. सासूबाईंनी तो आमच्याकडे वळवला. पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला सासूबाईंचा निकाल मान्य करावा लागला, आणि प्रस्तुत लेखाचे म्हणणेही तेवढेच आहे. ऊन आणि गर्दी या किनाऱ्याला नवीन नाहीत. नवीन आहे ती आपली सुट्टी, जिच्यात दुपार धरलेलीच नसते.

आधी उन्हाविषयी. ‘पुण्यात चाळीस होतं, इथे तर चौतीसच आहे, मग एवढं का होतंय?’ असे पाहुणे विचारतात. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याने लावलेली कसोटीच याचे उत्तर देते. मैदानी प्रदेशात पारा किमान चाळीस अंशांवर गेल्याखेरीज लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीसाठी ती मर्यादा सदतीसची आहे. इथल्या हवेत इतकी वाफ असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. समुद्र जवळ असला म्हणजे गारवा असणार, ही घाटावरच्या माणसाची समजूत आहे.

समुद्र गारवा देतो, पण त्याच्या वेळेला देतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारे हे ज्ञान इथल्या माणसाचे वेळापत्रक होते. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत. शेतावरचा माणूस उजाडताच कामाला लागे, उकड्या तांदळाची पेज पिई आणि ऊन माथ्यावर यायच्या आत सावलीला येई. पावसाळा संपला की घरापुढच्या खळ्यात माटव उभा राही आणि त्यावर माडाच्या चुडतांचे झाप पडत. माटव, पडवी, माजघर अशी सावली पायरीपायरीने दाट होत जाई. दुपार ही तिथे एक जागाच होती, आणि माणसे तिच्यात जाऊन बसत.

या जुन्या मे महिन्यावर मराठीत अमाप लिहिले गेले आहे. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या गाण्याने तर मामाच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुट्टीचा पत्ता करून टाकले. मात्र या स्मरणरंजनात एक गोष्ट राहून जाते. मामाच्या गावाला मामी असे. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची पंधरा-वीस पाने वाढणारी, चुलीपुढे दुपार काढणारी, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी शेंदणारी. पडवीतली ती थंडगार दुपार तिच्या वाट्याला क्वचितच आली. तेव्हा ‘पूर्वी सगळे छान होते’ असे मला म्हणायचे नाही. त्या सुट्टीची किंमतही कुणीतरी एक बाई मोजतच होती. म्हणायचे आहे ते इतकेच की त्या व्यवस्थेत चुका होत्या, अन्याय होता, पण वेळेचे भान होते. आज मामीची सुटका झालेली नाहीच. पहाटे उठून डबे ती करते आणि वर रांगेतही उभी राहते.

आता गर्दीविषयी. या बाबतीत आपण सुशिक्षित माणसे फारशी प्रामाणिक नसतो. ‘गर्दी’ हा शब्द आपण नेहमी इतरांसाठी वापरतो. रांगेत आपण असतो तेव्हा आपण ‘पाहायला आलेले’ असतो आणि आपल्या पुढची पन्नास माणसे म्हणजे गर्दी. आपल्या ललित लेखनानेही ही सवय पोसली आहे. माझ्या वाचनातल्या समुद्रावरच्या बहुतेक ललित लेखांत किनारा निर्मनुष्य असतो. ओल्या वाळूवर लेखकाचीच तेवढी पावले. मासळी सुकवणारी बाई किंवा जाळे तुणणारा म्हातारा आलाच तर चित्रात रंग भरण्यापुरता. असे लेख वाचून वाढलेला वाचक किनाऱ्यावर येतो तो एकांताची अपेक्षा घेऊन, आणि तीच अपेक्षा घेऊन आलेली हजार माणसे तिथे पाहून चिडतो.

वास्तविक ही गर्दी म्हणजे एका न्याय्य मागणीचे फळ आहे. इंग्लंडमध्ये १८७१ साली बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला आणि तिथल्या कारकुना-कामगारांना समुद्रकिनारा गाठता येऊ लागला. किनारे बिघडल्याची तक्रार तेव्हा तिथेही झाली. फ्रान्समध्ये पगारी रजेचा हक्क १९३६ साली मिळाला आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच घडले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० च्या जून महिन्यात कामगारांची रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या गिरण्यांच्या जोरावर कोकणातली अर्धी चूल पेटत होती, त्या गिरण्यांतला तो रविवार आहे. आज इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार किंवा कोल्हापूरचा रिक्षाचालक गाडी ठरवून कुटुंबाला समुद्र दाखवायला आणतो, तेव्हा त्याला ‘गर्दी’ म्हणण्याचा मला अधिकार नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ते लोकांनी यावे म्हणूनच. लोक आले. आता लोक फार झाले अशी तक्रार कुणाकडे करायची?

शिवाय गर्दीने माणसाचा आनंद नासतोच असेही नाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, तेव्हा दीड दिवसात लाखो माणसे त्या एका वाडीत उतरतात. तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. रात्रीसुद्धा रांगा लागलेल्या असतात. आमच्या सासूबाई या वयातही तिथे जातात, तासन्‌तास उभ्या राहतात आणि परत येतात त्या टवटवीत होऊन. मी त्यांना एकदा विचारले की जत्रेतली गर्दी चालते आणि जेटीवरची का नाही. त्यांना प्रश्नच कळला नाही. जत्रेतल्या माणसांना त्या गर्दी समजतच नव्हत्या. ती ‘माणसं’ होती, त्यांत माहेरची असतात, मुंबईची असतात, वर्षाने भेटतात. आणि जत्रेचा मोसम पाहा : थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. दशावताराची वेळ पाहा : रात्र. ज्यांनी ही घडी बसवली त्यांना माणसांचा जमाव आणि माथ्यावरचा सूर्य या दोहोंना एकत्र आणायचे नसते, हे ठाऊक असावे.

दुसरे उदाहरण रापणीचे. किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोन दोरांवर मिळून कितीतरी माणसे लागतात. हात लावील त्याला मासळीत वाटा. तिथेही गर्दीच असते, पण त्या गर्दीत प्रत्येकाला काही काम असते आणि शेजारच्याच्या असण्याचा उपयोग असतो. भर मे महिन्यातल्या गर्दीचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही आले. ऊन तेच होते, मिठागरात सावलीही नव्हती. ते लोक सुखासाठी आले नव्हते हे खरेच. पण आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना माहीत होते. आमच्या त्या रविवारी हे आमच्यापैकी एकालाही नीट सांगता आले नसते. आम्ही यादीसाठी आलो होतो.

ही यादी म्हणजे काय प्रकरण आहे? ‘पॉइंट करणे’ असा एक वाक्प्रचार आता रूढ झाला आहे. किल्ला ‘केला’, संगम ‘केला’, आता डॉल्फिन ‘राहिले’. क्रियापदच बोलते. जे करून संपवायचे असते त्याला आपण काम म्हणतो. वर्षभर कचेरीत जसे काम उरकले, तसेच सुट्टीत पॉइंट उरकायचे. आणि उरकायचे म्हटले की दुपार ही अडचण होते, कारण दुपारी काहीच उरकत नाही. मग आपण ती खाऊन टाकतो. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला तासात. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या तीन वर्षांत तो कसा उभा राहिला असेल, चारी बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हे प्रश्न पडायलाही त्या तासात सवड नसते. राजकोटला आम्ही गाडीतूनच छायाचित्र काढले. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि पुढे त्या जागी नवा पुतळा उभा राहिला. नणंदेकडे जुन्याचे छायाचित्र आहे. पण तो कसा होता, असे विचारले तर आम्हा सहा जणांपैकी एकालाही चार वाक्ये सांगता येणार नाहीत.

दिवस वाया जाणे, चिडचिड होणे, ही या घाईची किरकोळ किंमत झाली. मोठी किंमतही मोजली जाते. २४ मे २०२२ रोजी, मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. सुट्टी संपत आलेली, पाऊस तोंडावर, आणि ‘एवढे एक राहिले’ असे वाटणारी माणसे. तो अपघात नेमका कशाने झाला याविषयी मी बोलत नाही. परंतु ती शेवटच्या आठवड्याची घाई आम्ही इथे दरवर्षी पाहतो. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात जे घडले ते तर श्रद्धेने जमलेल्या माणसांच्या बाबतीत घडले. उघड्या मैदानावर ऐन उन्हात लाखोंचा जमाव बसला आणि उष्माघाताने चौदा माणसे गेली. म्हणजे गर्दीतली माणसे एकमेकांना आपली वाटत असली तरी तेवढ्याने भागत नाही. दुपारचा मान राखला नाही तर दुपार भाविक आणि हौशी असा भेद करीत नाही.

यात आणखी एक बाजू आहे, आणि यजमान गावची म्हणून ती मला सांगितली पाहिजे. पाहुण्यांचा दिवस बिघडतो तो एक दिवस. होडीवाला, गाडीवाला, न्याहारी-निवास चालवणारी बाई यांचा पूर्ण मे महिना त्याच उन्हात, त्याच गर्दीत जातो. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या काही आठवड्यांत मिळवायचा असतो, कारण पावसाळ्यात समुद्र बंद. त्यामुळे होडीवाला तासाचे दोन तास करू शकत नाही आणि बाई ‘दुपारी जेवण मिळणार नाही’ असे म्हणू शकत नाही. पाहुण्याला घाई, म्हणून यजमानाला घाई. यजमानाला घाई, म्हणून पाहुण्याला वाटते की इथले लोक रुक्ष झाले. रांगेत एकमेकांवर खेकसणारे दोघेही मुळात एकाच वेळापत्रकाचे बळी असतात. हे वेळापत्रक शाळांच्या परीक्षा आणि कचेऱ्यांच्या रजा ठरवतात. त्यात ऋतूला विचारलेले नसते. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात येऊन धडकला, आणि शेवटच्या आठवड्याची आरक्षणे केलेली माणसे खोल्यांच्या खिडक्यांतून पाऊस बघत बसली.

मग करायचे काय? मोठे उपाय मोठ्यांनी करावेत : जिथे रांग लावायची तिथे आधी सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे असावीत, हे कुठल्याही जेटीला, कुठल्याही देवळाला लागू आहे. सावलीशिवाय रांग लावणे हा गैरसोयीचा नव्हे, अप्रतिष्ठेचा प्रकार आहे असे मला वाटते. पाणी पिणे थांबवून बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा पाहिल्यापासून तर फारच. रजा आणि सुट्ट्या वर्षभरात विखुरता आल्या तर उत्तम. पण या गोष्टी होईपर्यंत आपल्या हातात एक आहे. यादीतून दुपार वजा करणे. सकाळी लवकर एक ठिकाण, संध्याकाळी एक. मधले सहा तास कुठेही न जाणे. याचा अर्थ दिवसाला दोनच गोष्टी पाहून होतील आणि बाकीच्या राहून जातील. त्या राहू द्याव्यात. मालवणला आलो आणि किल्ला राहिला, असे सांगायला जो लाजत नाही, त्याचीच सुट्टी खरी, असे म्हणण्यापर्यंत मी आले आहे.

असो. त्या रविवारनंतरच्या सोमवारी सासूबाईंना बरे वाटेपर्यंत थांबायचे म्हणून नणंदेने पुढचा मुक्काम रद्द केला. दिवसभर कुणी बाहेर पडले नाही. मुलांनी फणस खाल्ला, हाताला चीक लावून घेतला, तेल चोळून काढला, आणि जेवणानंतर पडवीत जी पसरली ती चारपर्यंत. नणंदेने आणि तिच्या यजमानांनी आदल्या दिवशीचे भांडण पुन्हा काढले, पण झोपेत बुडत असल्याने ते पूर्ण झाले नाही. त्या दिवशी दुपारची भांडी मी घासली नाहीत. ती नणंदेच्या यजमानांनी घासली, हेही नोंदवून ठेवते. साडेपाचला सासूबाईच उठल्या आणि धाकट्याचा हात धरून किनाऱ्याकडे निघाल्या. आम्ही मागून गेलो. तिथेही माणसे होती, रविवारइतकीच असतील. वारा होता. धाकटा पाण्यात शिरला तो अंधार पडेपर्यंत बाहेर येईना, आणि ‘घरी कधी जायचं’ हे त्याने विचारले नाही.

आता पाहुण्यांनी ‘बघण्यासारखं काय आहे’ असे विचारले की मी सांगते : पुष्कळ आहे. पण अकरा ते साडेचार काही नाही. काही जण हसतात. काही जणांना ते उद्धटपणाचे वाटते. जे हसतात ते बहुधा पुन्हा येतात.